हयातीचा दाखला

दरवर्षी नोव्हेंबर महिना आला की मला मी जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते.

वाचकांपैकी जे निवृत्तिवेतन घेतात त्यांना यात काही नवल वाटणार नाही. फराळाचे डबे तळाला लागतात, आकाशकंदील उतरवून माळ्यावर जातो, आणि घरातील म्हातारी माणसे एक दिवस धुतलेला सदरा घालून हयातीचा दाखला द्यायला निघतात. दाखला दिला नाही तर सरकारच्या लेखी माणूस गेला. मग तो घरी बसून चहा पीत असो की नातवावर डाफरत असो. मी स्वतः सदतीस वर्षे ट्रेझरीत काढली. टेबलाच्या पलीकडे बसून हजारो माणसांची हयात तपासली. थरथरत्या हाताची सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून कितीतरी आजोबांना पुन्हा पुन्हा सही करायला लावली. आता टेबलाच्या अलीकडे बसायची पाळी माझी आहे, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. देवाच्या दारी जे होईल ते होवो, माणसाच्या दारी हिशेब बरोबर जुळतो.

२०२४ साली भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली. मी दिवाळीला गावी दादाकडे गेलो होतो. जावळी तालुक्यातले आमचे गाव डोंगराच्या कुशीत आहे. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ मिळून दाखला द्यायला तालुक्याच्या गावी गेलो. मी पंचाहत्तर वर्षांचा, दादा एक्याऐंशीचा. पूर्वी साहेबासमोर उभे राहून सही करावी लागे. हल्ली एका छोट्या दुकानात एक मुलगा डबीएवढे यंत्र पुढे करतो, त्यावर अंगठा ठेवायचा, की दिल्लीपर्यंत बातमी पोचते की हा माणूस अजून आहे.

माझा अंगठा यंत्राने पहिल्याच खेपेला ओळखला. सदतीस वर्षे ज्या अंगठ्याने कागदांच्या चळती उलटण्यापलीकडे काही केले नाही, त्याच्या रेषा अगदी कोऱ्या होत्या. मग दादाची पाळी आली. यंत्राने अंगठा नाकारला. मुलाने बोट पुसून घेतले, पुन्हा ठेवले, नाकारले. ‘आजोबा, बोट कपाळावरून फिरवा,’ तो म्हणाला. कपाळाचे तेल लागले की रेषा उमटतात म्हणे. दादाने कपाळावरून फिरवले, डोक्यावरून फिरवले, दहाही बोटे एकामागून एक ठेवून पाहिली. एकही पटले नाही. दादाच्या बोटांवर रेषा उरल्याच नाहीत. मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभे राहून तुटलेला धागा जोडायचा, तो दिवसातून किती वेळा जोडायचा याचा कोणी हिशेब ठेवला नाही. आणि गिरणी सुटल्यावर गावी येऊन विळा-कुदळ धरलेली. माणसाच्या कामाने त्याची खूण पुसून टाकली, आणि आता काम केल्याबद्दलचे पैसे घ्यायला तीच खूण मागत होते.

मुलगा चांगला होता. म्हणाला, ‘थांबा, चेहऱ्यावरून करू.’ त्याने मोबाइल दादाच्या तोंडासमोर धरला. ‘आजोबा, पापण्या मिटा आणि उघडा.’ साच्यांच्या खडखडाटात पंचवीस-तीस वर्षे काढल्यामुळे दादाला ऐकू कमी येते. फोटो काढतात अशा समजुतीने तो ताठ बसला आणि डोळे वटारून पाहत राहिला. जिवंत माणसाचे डोळे मिटतात, फोटोतल्या माणसाचे मिटत नाहीत, यावर ते यंत्र चालते. शेवटी मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, ‘दादा, डोळे मिचकाव!’ दादाने डोळे मिचकावले, आणि तो जिवंत ठरला.

दुकानात बसलेली माणसे हसली, मीही हसलो. पण मला माहीत होते की माझ्या अंगठ्यामागे महिना चाळीस हजार रुपये होते आणि दादाच्या पापणीमागे एक हजार.

*

एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या, एकाच ताटात जेवलेल्या दोन भावांमध्ये एकास चाळीस हे प्रमाण कसे आले, याचा मी त्या दिवसापासून विचार करतो आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले; स्वतःच्या घरातील हा आकडा मात्र कधी तपासला नव्हता.

आमच्या वडिलांना डोंगरउतारावरची भाताची चार खाचरे आणि दोन मुलगे एवढीच इस्टेट होती. १९६० साली दादा सतरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला गावकीच्या एका माणसाबरोबर मुंबईला धाडले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि मास्तरांनी वडिलांना सांगितले होते की धाकट्याला डोके आहे. डोके दादालाही होते. पण एकाने कमवायचे आणि एकाने शिकायचे एवढीच सोय घरात होती, आणि जो आधी जन्मला त्याच्या वाट्याला कमावणे आले. त्या सकाळी एस. टी.च्या थांब्यापर्यंत मी दादाच्या मागे मागे गेलो होतो. त्याच्या खांद्यावर वळकटी होती. मला वाटत होते, दादा मजा करायला चालला आहे.

गिरणगावात एका खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. दादा आधी बदली कामगार झाला. बदली म्हणजे रोज भोंग्याच्या वेळी दारात उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते काम. तरीही दर महिन्याला त्याची मनिऑर्डर येई. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार शब्द लिहायला जागा असे. त्यावर दादा नेहमी तेच लिही : ‘बापूची फी भरणे. पैसे पोचल्याचे कळवणे.’ त्या पैशांवर मी शाळा केली, साताऱ्याला राहून कॉलेज केले, आणि १९७० साली कारकून म्हणून ट्रेझरीत चिकटलो.

आता माझ्या मनात रुतून बसलेली गोष्ट सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या हातात महिना दोनशेच्या आतच रुपये पडत. दादा तेव्हा साच्यावर कायम झाला होता आणि त्याला अडीचशेच्या वर मिळत. म्हणजे त्या वर्षी आमच्या घरात श्रीमंत भाऊ दादा होता. माझ्या लग्नात घातलेला कोट त्याने शिवून दिला होता. एकाला पाच तर दुसऱ्याला चार, आणि पाचवाला दादा. तेव्हा कोणी आम्हा दोघांना शेजारी उभे करून विचारले असते की म्हातारपणी यांच्यात काय अंतर पडेल, तर कोणी सांगू शकले नसते.

अंतर पडले ते हळूहळू. मला वेतन आयोग लाभत गेले, दादाला संप लाभला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला. दादा दीड वर्ष गावी येऊन राहिला. पुढे त्याची गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली, त्याला परत घेतले, पण पूर्वीचे दिवस आले नाहीत. गिरणी आज बंद होते की उद्या, अशा धाकात आणखी काही वर्षे गेली आणि एक दिवस ती बंद झालीच. दादा वळकटी घेऊन परत आला. या खेपेला वळकटीबरोबर वहिनी होती, एक मुलगा होता आणि खोकला होता.

१९९५ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची नवी योजना आली होती. तिच्याखाली दादाला अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिना सहाशेच्या घरात रुपये मिळू लागले. मी २००७ साली निवृत्त झालो. मला महिना आठ हजारांच्या आसपास निवृत्तिवेतन बसले. म्हणजे तेव्हा अंतर तेरापट होते. तेरापट हेही काही थोडे नाही. पण पुढे जे झाले ते ट्रेझरीत आयुष्य काढलेल्या माझ्याही ध्यानात आले नव्हते. सरकारी निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता जोडलेला असतो. बाजारात डाळ चढली की माझे वेतन तिच्यामागोमाग चढते. वेतन आयोग आला की ते एकदम उडी घेते. दादाच्या योजनेला महागाईशी काही देणेघेणे नाही. २०१४ च्या सप्टेंबरपासून सरकारने किमान रक्कम हजार रुपये ठरवली, म्हणून सहाशेचे हजार झाले. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी हजाराचे हजारच राहिले.

माझ्या निवृत्तीनंतरच्या या सतरा वर्षांत आम्हा दोघांपैकी कोणीही पगाराचे काम केलेले नाही. मी सकाळी फिरायला जातो, तो सकाळी खाचराकडे जातो. ना मी अधिक हुशार झालो, ना तो आळशी झाला. तरी तेरापटीची चाळीसपट झाली. नुसते म्हातारे होत गेल्याने झाली.

*

दादाची नात हल्ली आमच्याकडे साताऱ्याला असते. तिचा बाप, म्हणजे माझा पुतण्या, नवी मुंबईत टेम्पो चालवतो. मुलगी अर्थशास्त्र घेऊन एम. ए. करते आहे. ती मला धाकटे आजोबा म्हणते. दिवाळीच्या पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही सगळे सोप्यावर बसलो होतो. मी असाच दादाचा नि माझा हिशेब मांडत होतो, तेव्हा ती म्हणाली, ‘धाकटे आजोबा, तुम्ही म्हणता ते पुस्तकात आहे.’

तिने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक निबंध लिहिला. (यांतल्या डीटन यांना पुढे २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.) अमेरिका, इंग्लंड आणि तैवान या तीन देशांतील एकाच सुमारास जन्मलेल्या माणसांच्या पिढ्या घेऊन त्यांनी पाहिले की वर्षे जातात तसे त्यांच्या मिळकतीत आणि खर्चात काय होते. तिन्ही देशांत एकच चित्र दिसले. पिढी तरुण असते तेव्हा तिच्यातील माणसे एकमेकांच्या बरीच जवळ असतात. वय वाढते तशी ती एकमेकांपासून दूर दूर जातात. एखाद्याला बढती मिळते, एखाद्याची गिरणी बंद पडते, एखाद्याच्या घरात आजारपण शिरते. प्रत्येक घटना आपल्यामागे काहीतरी ठेवून जाते आणि त्याच्यावर पुढची साठत जाते. म्हातारपण म्हणजे या सगळ्या बेरजा-वजाबाक्यांचा शेवटचा रकाना.

‘म्हणजे असं,’ ती म्हणाली, ‘की देशात म्हातारी माणसं वाढली, तर बाकी काहीही न बदलता नुसत्या त्या कारणानंच देशातली विषमता वाढते.’

दादाला यातले निम्मे ऐकू आले असेल नसेल. त्याने नातीला पुन्हा सांगायला लावले. ती मोठ्याने बोलली. दादा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘त्यात काय हाय पोरी? तरव्यात समदं भात सारखंच दिसतं. लावणी झाली का मग कळतं, कुणाच्या खाचरात पानी हाय नि कुणाच्या न्हाई.’

ज्यांनी भाताची शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेरलेले बी आधी एका वाफ्यात दाट उगवते, त्याला तरवा म्हणतात. तिथे सगळी रोपे वीतभर, हिरवीगार आणि एकसारखी. पुढे ती उपटून वेगवेगळ्या खाचरांत लावतात. सुगीला पाहावे तर एका खाचरात लोंब्या वाकलेल्या आणि दुसऱ्यात नुसता पेंढा. अर्थशास्त्रज्ञांच्या निबंधात जे होते ते दादाने एका वाक्यात सांगितले.

आपला देश आजवर बराचसा तरव्यासारखा होता. १९६१ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे अडीच कोटींच्या आत होती. शंभरांत सहासुद्धा नव्हती. २०११ साली ती दहा कोटींच्या वर गेली, शंभरांत साडेआठ. आपल्या महाराष्ट्रात ते प्रमाण शंभरांत दहाच्या जवळ होते, आणि केरळात साडेबाराच्या वर. सरकारचाच अंदाज असा आहे की २०३६ साली देशात शंभरांत पंधरा माणसे साठीच्या पुढची असतील. स्वातंत्र्याच्या सुमारास जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुष्य बत्तीस वर्षे धरत. आता ते सत्तरीच्या घरात गेले आहे. मुले कमी होत आहेत, म्हातारे वाढत आहेत. हे सगळे चांगलेच झाले. देवी गेली, पटकी ओसरली, बाळंतपणात बाया मरायच्या त्या वाचल्या. पण याचाच दुसरा अर्थ असा की सुगी पाहायला उरलेली माणसे वाढत आहेत, आणि कोणाच्या खाचरात पाणी होते ते आता लपून राहणार नाही. विषमतेची इतर कारणे पुष्कळ आहेत. परंतु या एका कारणाला कोणी नवा अन्याय करावा लागत नाही. जुनेच अन्याय आणि जुनीच नशिबे वयात येतात, एवढे पुरते.

*

कोणी म्हणेल, पूर्वी म्हातारी माणसे नव्हती काय? होती. थोडी होती, पण होती. आणि ती एकत्र कुटुंबात होती. माझ्या आजोबांना कसलेही वेतन नव्हते, पण त्यांच्या भावालाही नव्हते. सगळ्यांची भाकरी एकाच तव्यावर भाजली जाई. कोण किती कमावतो हा हिशेब चुलीच्या अलीकडे येत नसे. आता चुली वेगळ्या झाल्या. मी साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये, दादा गावच्या घरात, माझा मुलगा पुण्याला, त्याचा मुलगा नवी मुंबईला. तवे वेगळे झाले आणि मग कोणाच्या तव्यावर काय आहे ते मोजता येऊ लागले.

तथापि जुन्या दिवसांचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. आमच्याच वाड्यात एक विधवा आत्या होती. ती कोपऱ्यात बसे आणि तिच्या ताटात जे वाढले जाई ते वाढणाऱ्याच्या मर्जीवर असे. तिला भूक किती आहे हे तिला कधी कोणी विचारलेले मला आठवत नाही. एका तव्यावरच्या भाकरीचेही तुकडे काही सारखे होत नव्हते.

आणि वहिनीचे काय? वहिनीने गिरणगावात खोलीवर खानावळ चालवली. दोन पाळ्यांचे मिळून आठ-नऊ गडी तिच्या हातचे जेवत. पहाटे तीनला उठून ती चूल पेटवी. दादाच्या संपाच्या दीड वर्षांत त्याचा पगार बंद होता, पण तिची चूल बंद नव्हती. घर तिने चालवले. त्या कामाची नोंद कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून तिच्या नावे कसलेही निवृत्तिवेतन नाही. दादाच्या मागे ती राहिली तर विधवा म्हणून तिला तो किमान हजार मिळेल. माझ्या मागे माझ्या पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल, तेही महागाई भत्त्यासह. दोघी जावांनी आयुष्यभर रांधण्याचेच काम केले. पण एक ज्याच्यासाठी रांधत होती तो सरकारी नोकर होता. बायका पुरुषांपेक्षा अधिक जगतात, तेव्हा चाळीसपटीचे हे अंतर आमच्यानंतरही या दोघींच्या रूपाने थोडे वेगळे होऊन चालू राहणार.

*

मी काही हात बांधून बसलो नव्हतो. चारेक वर्षांपूर्वी गावच्या घराची कौले चाळताना आईची पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात मनिऑर्डरीचे ते तुकडे दोऱ्यात ओवून ठेवलेले होते. आईला वाचता येत नव्हते, पण तिने एकही टाकला नव्हता. मी ते मोजले. सत्त्याण्णव तुकडे, एकूण दोन हजार आठशे पासष्ट रुपये. ट्रेझरीच्या माणसाला आकडा दिसला की चैन पडत नाही. मी शेकडा आठ दराने पंचावन्न वर्षांचे चक्रवाढ व्याज काढले. रक्कम दोन लाखांच्या जवळ गेली. मी दोन लाखांचा चेक लिहिला आणि हिशेबाच्या कागदासकट दादापुढे ठेवला.

दादाने तो कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. मला वाटले तो रागावेल किंवा त्याचे डोळे भरून येतील. तसे काही झाले नाही. तो म्हणाला, ‘पावसात तुला खांद्यावर घिऊन वढ्याच्या पल्याड शाळंत सोडायचो, त्यो आकडा ह्यात कुठं हाय?’ मी म्हणालो, ‘तो कसा धरणार?’ ‘मग हिशेब चुकलाय तुजा,’ असे म्हणून त्याने चेक माझ्या खिशात कोंबला.

त्यानंतर मी पैसे देण्याच्या नाना युक्त्या केल्या. औषधे आणली, ती त्याने घेतली. पंखा बसवला, तो त्याने चालू दिला. पण दरमहा काही पाठवतो म्हटले की तो ऐकू न आल्यासारखे करी, आणि या कामी त्याचे बहिरेपण त्याच्या फार उपयोगी पडे. शेवटी एक दिवस आपणहून म्हणाला, ‘द्यायचंच आसंल तर पोरीला शिकीव.’ म्हणून ती आमच्याकडे आली. तिची फी मी भरतो. पहिल्यांदा भरली तेव्हा त्या पावतीकडे पाहून मला जे वाटले ते मी लिहू शकत नाही.

पण एवढ्याने हिशेब मिटला असे मला वाटत नाही. दादाला धाकटा भाऊ होता आणि तो धाकटा सरकारी नोकरीत होता. त्याच्याबरोबर खोलीत वळकटी टाकणाऱ्या बाकीच्या पंधरा-वीस जणांचे काय? ज्यांच्या नावे हजारसुद्धा नाहीत त्यांचे काय? १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने गरीब वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. पुढे तो २०० झाला आणि ऐंशी वर्षांपुढच्यांना ५००. आपले राज्य सरकार त्यात स्वतःची भर घालते. २०२३ साली महाराष्ट्राने ही मदत महिना १,५०० रुपये केली. राज्याच्या योजनेला श्रावणबाळाचे नाव आहे. नाव फार सुंदर आहे. पण श्रावणबाळाने कावडीत बसवताना आईबापांच्या उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता. आणि हे फक्त जुन्यांचे नाही. आमच्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना माझ्यासारखे निवृत्तिवेतन बंद झाले. आमच्याच ऑफिसात शेजारच्या टेबलांवर बसून एकच काम करणारी दोन माणसे आज तरव्यात आहेत. त्यांची खाचरे आधीच वेगळी ठरली आहेत. टेम्पो चालवणाऱ्या माझ्या पुतण्याला तर खाचरच नाही.

*

त्या दिवशी सकाळी आम्ही गावाहून तालुक्याला गेलो ते एस. टी.ने. २०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या कोणालाही एस. टी.चा प्रवास फुकट आहे. कंडक्टर जवळ आला. दादाने आपले कार्ड दाखवले, मी माझे दाखवले. त्याने दोघांना शून्य रुपयाचे तिकीट फाडून दिले आणि पुढे गेला. तुम्ही गिरणीत होता की ट्रेझरीत, हे त्याने विचारले नाही. तुमची शेवटची पगाराची स्लिप कुठे आहे, हेही विचारले नाही. तुम्ही जगलात एवढेच त्याला पुरे होते. पन्नास-साठ वर्षांनंतर त्या बाकावर आम्ही दोघे भाऊ पुन्हा एकदा सारखे होतो. खिडकीची जागा दादाने मला दिली. धाकट्याला खिडकी द्यायची ही त्याची जुनी सवय.

मला वाटते, जे तिकिटाचे झाले ते पोटाचेही होऊ शकेल. हॉलंडमध्ये १९५७ पासून देशात राहणाऱ्या प्रत्येकाला म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळते. नोकरी कोणती केली हे पाहत नाहीत, देशात किती वर्षे राहिलात हे पाहतात. अमेरिकेत १९५९ साली पासष्टीपुढच्या माणसांपैकी शंभरांत पस्तीस दारिद्र्यात होती. तेथील वार्धक्यवेतन वाढवले गेले, १९७५ पासून ते महागाईला जोडले गेले, आणि ते प्रमाण शंभरांत दहाच्या आसपास आले. श्रीमंत देशांची गोष्ट सोडा. शेजारचा नेपाळ आपल्याहून गरीब. त्याने तीस वर्षांपूर्वी पंचाहत्तरीपुढच्यांना महिना शंभर रुपये, त्यांचे नेपाळी रुपये, देण्यापासून सुरुवात केली. रक्कम वाढवत आणि वयाची अट खाली आणत त्यांनी अडुसष्टीपुढच्यांना महिना चार हजारांपर्यंत नेले. म्हणजे वय माणसांना दूर नेते हे खरे असले, तरी किती दूर जाऊ द्यायचे हे त्या त्या देशाच्या हातात असते.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न मला ट्रेझरीवाला म्हणून कळतो. उद्या शंभरांत पंधरा म्हातारे झाल्यावर त्यांचा भार कमावत्या तरुणांवर पडणार, हेही कळते. पण माझ्या चाळीस हजारांचा भार आजही कोणीतरी वाहतेच आहे. त्यात दादाचाही वाटा आहे. तो काडेपेटी घेतो, साबण घेतो, त्यावर कर भरतो. हजारातून तो माझ्या निवृत्तिवेतनाला हातभार लावतो हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. सांगितले तर तो म्हणेल, बरे झाले.

दाखले घेऊन आम्ही स्टँडवर आलो. मला साताऱ्याची गाडी धरायची होती, त्याला गावाकडची. माझी गाडी आधी लागली. मी चढणार एवढ्यात दादाने धोतराच्या केळातून एक घडी केलेली शंभराची नोट काढली आणि माझ्या हातात दाबली.

‘हे काय दादा?’

‘दिवाळीचं द्यायचं ऱ्हायलं व्हतं. मोठा मी हाय का तू?’

हजारातले शंभर. मी माझ्या चाळीस हजारांतले दहावा हिस्सा कोणाला कधी दिले होते ते आठवून पाहू लागलो. नोट परत करायला हात पुढे केला; पण त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि खिशात घातली. अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून मी त्याचे पैसे घेत आलो आहे. म्हातारपणी एकदम घेणे बंद केले तर त्याला तो धाकटा कुठून मिळणार?

गाडी सुटली. दादा खिडकीबरोबर चार पावले चालला. गाडीच्या आवाजात त्याला वाटले की मला ऐकू जाणार नाही, म्हणून तो ओरडून म्हणाला :

‘पोचल्याचं कळीव!’